बाबा, तुमचा व्हर्नियर माझ्याकडं आहे

एडिंबरा,
9 नोव्हेंबर

ती. आई आणि बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे फोनवर सांगायचं होतं, पण जमलं नाही. बाबा, मागच्या दोन्ही रविवारी विषय नुसता निघाला आणि तुम्ही "घे, आईशी बोल" म्हणून फोन तिच्या हातात दिलात. मग आई थंडी किती पडली ते विचारत बसली. म्हणून कागद घेतला.

राजीनामा दिलाय. "देणार आहे" असं मी म्हणालो होतो, ते पूर्ण खरं नव्हतं. सप्टेंबरातच दिला होता, 31 ऑक्टोबरला शेवटचा दिवस झाला. तुमची दिवाळी गोड जावी म्हणून बोललो नाही. तेवढं माझं चुकलं. आता ऑफिस नाही. सकाळी आठ वाजता लेथवर उभा राहतो, बॅगपाइप, म्हणजे ते पिशवीवालं वाद्य, बनवतो, आणि शनिवार-रविवारी कुणाच्या लग्नात, कार्यक्रमात वाजवतो. पोट त्यावरच चालवायचं ठरवलंय.

बाबा, पत्र खाली ठेवू नका. पुढं वाचा.

"यासाठी शिकवलं का तुला?" असं तुम्ही ऑगस्टमध्ये म्हणालात, ते माझ्या डोक्यातून जात नाही. उद्यमनगरात चौतीस वर्षं मशिनसमोर उभं राहून तुम्ही मला इंजिनिअर केलं, ते मी मशिनसमोर उभं राहू नये म्हणूनच. लहानपणी डबा द्यायला यायचो तेव्हा दारातच थांबवायचा. "आत यायचं नाही, हात काळे करायचे नाहीत." मी दारातून बघायचो. चकात जॉब बांधला की तुम्ही आधी हातानं एक फेरा फिरवून बघायचा, मान जरा वाकडी करून, कान मशिनकडं. रात्री आई तुमच्या चपलेच्या तळातले लोखंडाचे कीस सुईनं काढत बसायची. आता तुमची सून माझ्या बुटातनं भुसा झाडते. लोखंडाचा नाही, लाकडाचा. काळा-जांभळा असतो, आणि वास इतका छान की आई, तू तो डबीत भरून देवघरात ठेवशील.

लाकूड आफ्रिकेतलं आहे, जास्त करून टांझानियातनं येतं. तिकडं त्याला म्पिंगो म्हणतात. आपल्या शिसवीच्याच घराण्यातलं, पण इतकं जड की पाण्यात टाकलं तर बुडतं. आधी चौकोनी तुकडे येतात, त्यांना मधून बारीक भोक पाडायचं आणि नुसतं ठेवून द्यायचं. महिने, कधी वर्षं. लाकडाला काय वाकायचं-फुटायचं ते आधीच करून घेऊ द्यायचं, मग मापात आणायचं. ज्यांच्या वर्कशॉपमध्ये मी गेली तीन वर्षं दर शनिवारी जात होतो, त्या म्हाताऱ्यांनी पहिले सहा महिने मला फक्त झाडू मारायला आणि टूल घासायला लावलं. तुम्हाला आवडला असता हा माणूस. आता त्यांचे गुडघे गेलेत, म्हणून अर्धं वर्कशॉप त्यांनी मला भाड्यानं दिलंय.

तुम्ही विचारणार, पाकिस्तानातल्या सियालकोटहून स्वस्तात वाद्यं येतात, मग तुझं कोण घेणार? बरोबर आहे. मी स्वतः पहिलं तसलंच घेतलं होतं, शिसवीचं, ऑनलाइन. दिसायला झकास, पण आतलं भोक सरळ नव्हतं. दहा मिनिटं वाजवलं की सूर हलायचा. ज्याला भिंतीवर टांगायचंय त्याला ते चालतं. वाजवणारा माणूस साध्या सेटला दीड हजार पौंड मोजतो आणि वर थांबतो. सध्या चार सेटची ऑर्डर हातात आहे.

बाकीचं पैशाचं: तुमच्या सुनेची फार्मसीतली नोकरी पक्की आहे, घराचा हप्ता तिच्या पगारातनं जातो. इथं दवाखान्याला नोकरीतला विमा लागत नाही. आणि आधी व्हिसा नोकरीला बांधलेला होता, तेव्हा असलं काही करायची सोयच नव्हती. पाच वर्षं झाली, कायम राहायचा परवाना मिळाला, त्यानंतरच हे पाऊल उचललं. सहा महिन्यांचा खर्च बाजूला काढलाय. तुम्हाला दर महिन्याला येतात ते पैसे येतच राहतील, त्यात एक रुपया कमी होणार नाही. ताईला विचारा, तिला सगळा हिशोब पाठवलाय.

आता आई, तुझं. बॅगपाइप वाजवून फुप्फुसं गेलेल्या माणसाची तू ग्रुपवर टाकलेली बातमी मी वाचली. 2016 मधली आहे ती. तो माणूस रोज वाजवायचा. वाद्याच्या आतल्या ओलीत बुरशी धरली आणि त्यामुळंच फुप्फुसं गेली असावीत असं डॉक्टरांनी लिहिलं होतं. मी प्रत्येक वेळी वाजवून झालं की सगळे सांधे उघडून आतून कापड फिरवतो आणि वाळत ठेवतो. भुसा ओढून घेणारं मशिन आहे, शिवाय तोंडाला चांगला मास्क. हा भुसा छातीला आणि कातडीला खरंच वाईट असतो, त्यामुळं त्यात मी हयगय करत नाही. कानात बोळे घालतो. आणि तुझ्या माळेला बाधा येईल असं काही नाही. पूर्वी पिशवी कातड्याची असायची, माझी गोरटेक्सची आहे, रेनकोटाला वापरतात ते कापड. हस्तिदंतासारखं दिसतं तेही नकली. 25 जानेवारीला इथं एका कवीच्या नावानं जेवणं असतात, तेव्हा मेंढीच्या काळजा-फुप्फुसांचा एक पदार्थ ताटात घालून मिरवत आणतात आणि पुढं बॅगपाइपवाला चालतो. मी फक्त पुढं चालतो, आई. ताटात काय आहे ते बघतसुद्धा नाही.

मयतीला वाजवतो हे ताईनं तुला सांगितलंच असेल. आपल्याकडंही तिरडीपुढं भजन असतंच की. आल्यावर अंघोळ करतो. खरंच करतो.

आत्याच्या लग्नातला सनईवाला आठवतो का तुम्हाला? त्याच्या शेजारी एक जण नुसता एकच सूर धरून बसला होता आणि मी विचारलं होतं, "बाबा, हा काहीच वाजवत नाही, याला पैसे कशाला?" तुम्ही म्हणालात, "तो दम घ्यायला थांबू दे, मग कळेल." मी अक्षता टाकायचं सोडून तो कधी थांबतो ते बघत बसलो आणि आईचा धपाटा खाल्ला. आता तो माणूस मी खांद्यावर घेऊन फिरतो. एक नाही, तीन. तीन नळ्या नुसता सूर धरतात, दोन एका सप्तकानं खाली, एक दोन सप्तकांनी. बोटं फिरतात ती चौथ्या नळीवर, तिला चँटर म्हणतात. ती म्हणजे आपली सनईच: तोंडाला जोडपत्ती, आतून वर निमुळती, खाली रुंद होत जाणारी. सूर नऊच. फुंकायला वेगळी नळी, आणि हवा काखेतल्या पिशवीत साठते, त्यामुळं वाजवणारा दम घेतो तेव्हाही आवाज तुटत नाही. आणि आई, यांचं जुनं मोठं संगीत कागदावर नव्हतंच, तोंडी बोलांनी शिकवायचे. "हिहारिन" असले बोल असतात, अगदी तबल्याचे असतात तसे. ते म्हातारे अजून गाऊनच शिकवतात. मला पहिल्यांदा ऐकून वाडीच्या देवळातले आपले भजनीबुवा आठवले.

आता मी सांगतो ते ऐका. बाबा, मशिन कानात घाला. डबीत ठेवायला चाळीस हजार दिले नाहीत. वर्कशॉपच्या आवाजानं कान गेले यात लाजायचं काय? आई, बीपीची गोळी "बरं वाटतंय" म्हणून सोडायची नाही. बाथरूममधला हँडल मिस्त्रीला सांगून या आठवड्यात बसवा, पैसे मी टाकलेत. मोतीबिंदूची तारीख फेब्रुवारीतली घ्या, जानेवारीची कामं उरकून मी तीन आठवडे येतोय. आता रजेसाठी साहेबाच्या हातापाया पडायला नको, हा फायदा तरी माना. आणि शेजारी विचारलं तर मुलगा काय करतो ते खुशाल सांगा. सांगावंसं वाटलं नाही तर "स्वतःचा धंदा आहे" म्हणा, मला वाईट वाटणार नाही.

बाबा, एक कबुली. मागच्या मे महिन्यात माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतनं तुमचा जुना व्हर्नियर मी न विचारता आणला. तुमची आद्याक्षरं कोरलेला. तुम्ही तो शोधत होता असं आई म्हणाली, तेव्हा मी गप्प बसलो. इथं डिजिटल आहेत, पण शेवटचं माप मी त्याच्यावरच घेतो.

आणि एक अडचण आहे. चँटरच्या आतलं भोक वर चार मिलिमीटरच्या आसपास आणि खाली विसाच्या पुढं जातं. आधी पायऱ्यापायऱ्यांनी ड्रिल मारतो, मग भोक मापात मोठं करायचा निमुळता रीमर घालतो, अर्धगोल, मीच घासून बनवलेला. निम्म्यापर्यंत लोण्यासारखा जातो. पुढं तापतो, लाकडाचं तेल चिकटतं, आणि थरथरून आत रिंगा पडतात. फिरकी कमी करून बघितली, फरक नाही. धारेच्या मागं जास्त घासायला हवं का, की उलट कमी? फोनवर नको, तुम्हाला ऐकू येणार नाही आणि तुम्ही चिडाल. कागदावर काढून ताईच्या पोराकडून फोटो पाठवा. पुढचा तुकडा मी तोवर लावत नाही.

तुमचा,
पिंट्या

ता. क. आई, मेतकूट संपलं. पार्सल करू नकोस, पोस्टाचा खर्च मेतकुटाच्या चौपट येतो. मी येईन तेव्हाच दे.