इंटर्नशिपमधल्या संशोधनाला वेळ द्या

महोदय,

फिजिओथेरपी पदवीच्या सहा महिन्यांच्या इंटर्नशिपमध्येच संशोधन प्रकल्प उरकायचा असतो. विषय ठरवून नैतिकता समितीची मंजुरी मिळेपर्यंत निम्मा काळ सरतो. गुडघ्याच्या संधिवातावर सहा आठवड्यांचा व्यायाम तपासायचा, तर रुग्ण जमवायचे कधी? मग विद्यार्थी वर्गमित्रांनाच प्रश्नावल्या वाटतात. यात त्यांचा दोष नाही.

प्रस्ताव अंतिम वर्षातच समितीपुढे जावा. उपचारांची चाचणी असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत, म्हणजे अशा चाचण्यांच्या देशपातळीवरील नोंदवहीत, नोंद हवीच. १ एप्रिल २०१८ पासून तिथे मागाहून नोंदणी होत नाही. तुलनेसाठी केलेल्या दर गटात २५ रुग्ण लागत असतील आणि २० टक्के गळती धरली, तर ३२ घ्यावे लागतात. गावाकडचे रुग्ण वेदना कमी होताच येईनासे होतात.

मोजमापाकडे तर फारच दुर्लक्ष होते. गोनिओमीटरने (सांध्याचा कोन मोजण्याच्या साधनाने) आज एकाने, उद्या दुसऱ्याने सांधा मोजला, की पाच अंशांचा फरक सुधारणेमुळे की हातामुळे, हे कळत नाही. आधी दहा जणांवर दोनदा मोजून सराव करावा. मोजणाऱ्याला रुग्णाचा गट ठाऊक नसावा. आणि आठवड्यातला एक पूर्ण दिवस ओपीडीतून मोकळा मिळावा, मार्गदर्शकालाही.

– एक फिजिओथेरपी अध्यापक, नाशिक