फोटोतल्या माणसाला त्याचा फोटो मिळाला पाहिजे, त्यासाठी मदत हवीये

मंडळी, आमची गॅलरी छोटी आहे. घर पाडलं गेलेली माणसं, मजुरी बुडालेली माणसं, रोज पहाटे उठून दुसऱ्यांचा कचरा उचलणारी माणसं, त्यांचे फोटो आम्ही लावतो, आणि त्यातले काही तर त्यांनी स्वतःच काढलेले असतात. पुढच्या प्रदर्शनाला पैसे कमी पडतायत म्हणून हे लिहितोय.

१९३६ साली डोरोथिया लँग या अमेरिकन फोटोग्राफर बाईंनी कॅलिफोर्नियात मजुरांच्या छावणीत काढलेला एका आईचा तो फोटो तुम्ही बघितला असेल, कपाळावर आठ्या, हात गालाशी, आणि दोन पोरं तिच्या खांद्यावर तोंड लपवून. तो छापून आल्यावर त्या मजुरांच्या छावणीत सरकारने अन्नधान्य पाठवलं, पण तोवर ती बाई पोरांना घेऊन पुढे निघून गेली होती. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन हे तिचं नाव लोकांना कळलं थेट १९७८ मध्ये, म्हणजे बेचाळीस वर्षं जगाने तिचा चेहरा बघितला पण ती कोण ते माहीत नाही, आणि त्या फोटोचे पैसे तिला कधी मिळाले नाहीत. मला हे फार लागतं.

लुइस हाइन हा अमेरिकन फोटोग्राफर १९०८ पासून गिरण्यांत, खाणींत राबणाऱ्या मुलांचे फोटो काढत फिरायचा, तेव्हा वयाचा अंदाज यावा म्हणून पोराची उंची स्वतःच्या कोटाच्या बटणांवरून मोजायचा आणि खिशातल्या खिशात गुपचूप टिपून ठेवायचा. त्यामुळे त्याचे फोटो बघून नुसती दया येत नव्हती, तो पुरावा होता.

आमच्याकडे नियम एकच आहे, पहिली प्रिंट फोटोतल्या माणसाच्या घरी जाते, आणि फोटोखालची ओळ त्यांना आधी वाचून दाखवायची. मागच्या वेळी एका सफाई कामगार ताईंच्या फोटोखाली आम्ही 'पीडित' लिहिलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ते काढा, मी बावीस वर्षं झाडू मारतेय ते लिहा." त्याच रात्री बदललं, त्यांचंच बरोबर होतं.

आता हे सगळं करायचं म्हणजे प्रत्येक फोटोच्या दोन चांगल्या प्रिंट लागतात, आणि साध्या कागदावर, साध्या माउंटबोर्डवर, म्हणजे फोटोमागच्या पुठ्ठ्यावर, लावलं की काही वर्षांत फोटो पिवळा पडतो, म्हणून ॲसिड-फ्री (आम्ल नसलेला) बोर्ड आणि टिकाऊ इंक घ्यावीच लागते, ती महाग असते. शिवाय कामगारांच्या आंदोलनांच्या जुन्या निगेटिव्हचे डबे कोणीतरी विश्वासाने आमच्याकडे दिलेत, त्यातल्या एकाचं झाकण उघडलं की व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, म्हणजे आतली फिल्म खराब व्हायला लागलीये आणि ते परत सुधारत नाही, स्कॅन करून घेणं एवढंच हातात आहे. तो डबा सगळ्यात आधी करायचाय.

पैसे जमतील तेवढे द्या, कितीही चालतील, हिशोब गॅलरीच्या दारावरच लावणार आहोत. फक्त एक आधीच सांगतो, देणगी दिली म्हणून कुठला फोटो लावायचा किंवा काढायचा हे ठरवता येणार नाही. पैसे नसतील तर वेळ द्या. स्कॅनिंगला बसणारे, ज्यांना वाचता येत नाही त्यांना संमतीचा कागद नीट समजावून सांगणारे, भिंतीला खिळे ठोकणारे, सगळे हवेत. जुन्या फ्रेम पण चालतील, काच मात्र धड असू द्या.