फारकत म्हणजे नुसतं फाटणं नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दोन पक्षांचं फाटलं की पेपरात हेडिंग ठरलेलं, 'फारकत'. कोणी बेताल बोललं की 'वास्तवाशी फारकत'. शब्द असे पसरतातच, त्याला कोण काय करणार, पण हा मुळात कोर्टकचेरीतला आणि फार नेमका शब्द आहे, त्याचं असं भजं झालेलं बघवत नाही म्हणून लिहितोय.

फारिग म्हणजे मोकळा आणि खत म्हणजे लिहिलेला कागद, खरेदीखत गहाणखत यातलं तेच खत. फारिगखतचं फारखत, फारखती झालं आणि बोलता बोलता ख चा क होऊन फारकत. इंग्रज अमदानीत विल्सनने महसूल आणि कोर्टातल्या शब्दांचा कोश केला (१८५५), त्यातही हा शब्द मोकळं करून दिल्याचा दस्त म्हणूनच आहे. म्हणजे फारकत मुळात 'होत' नव्हती, ती लिहून द्यायची असायची, सावकाराने ऋणकोला किंवा बाहेर पडणाऱ्या भागीदाराने मागे राहणाऱ्यांना, की बाबा हिशोब चुकता झाला, यापुढे माझा कसलाही हक्क, दावा, तक्रार राहिली नाही. काडीमोडीत काडी मोडली की विषय संपला, इथे मात्र देणंघेणं मिटवून सही करायला लागते, भांडण असो वा नसो.

आता आपण सगळ्यालाच 'करार रद्द' म्हणून मोकळे होतो आणि गोंधळ तिथेच होतो. १८७२ च्या करार कायद्यात हे प्रकार वेगवेगळे आहेत. कलम ६२ मधे दोघांनी मिळून करार मोडायचा किंवा जुन्याच्या जागी नवा करायचा. कलम ६३ मधे ज्याचं येणं आहे तो ते पूर्ण किंवा थोडं सोडून देऊ शकतो, आपल्या जुन्या फारखतीच्या सगळ्यात जवळचं हेच. आणि फसवून किंवा धमकावून करार करून घेतला असेल तर फसलेला माणूस तो मोडू शकतो, पण कलम ६४ म्हणतं की त्यातून जो लाभ पदरात पडला असेल तो समोरच्याला परत करावा लागतो, हे बहुतेकांच्या गावीही नसतं! मुदत भरून संपलेला करार तर यातल्या कशातच बसत नाही, त्यात कोणी काही मोडलेलंच नसतं, तरी बातमीत 'रद्द'.

भागीदारीचं आणखी वेगळं. १९३२ च्या भागीदारी कायद्यात कलम ३२ प्रमाणे भागीदार बाहेर पडला तरी जाहीर नोटीस निघेपर्यंत बाहेरच्या लोकांच्या लेखी तो सहसा जबाबदारच राहतो, घरात कितीही कडाक्याचं भांडण झालेलं असू दे. फर्म रजिस्टर असेल तर रजिस्ट्रारला कळवायचं, राजपत्रात नोटीस द्यायची आणि शिवाय फर्म ज्या जिल्ह्यात आहे तिथे चालणाऱ्या निदान एका देशी भाषेतल्या वर्तमानपत्रात छापायची, कलम ७२. म्हणजे आतल्या पानावर बारीक टायपात येणारी ती कंटाळवाणी 'जाहीर नोटीस' हीच खरी फारकतीच्या जवळची आणि पहिल्या पानावरची युती तुटल्याची बातमी म्हणजे काडीमोड.

तेव्हा उपसंपादक मंडळींना एवढंच सांगणं, हिशोब मिटला असेल तर खुशाल फारकत लिहा. जागावाटपावरून अजून एकमेकांची उणीदुणी काढणं चालू असेल तर 'फाटलं' लिहा, हेडिंगला जागाही कमी लागते.

आपला,
एक नियमित वाचक