बागेच्या सदरात एक ओळ सोलापूरची

संपादक महोदय,

माझी सात वर्षांची नात जूनपासून गच्चीवर 'शेती' करते. पहिले मेथीदाणे तिनं स्वयंपाकघरातल्या डब्यातूनच पळवले. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोंब दिसले तेव्हा शाळेची रिक्षा दारात उभी आणि ही बाई वर! मग धणे. मी ते अख्खेच पेरायला दिले. आठवडा गेला तरी काही नाही, आणि हिचं रोज उकरून बघणं चालू. शेवटी आमच्या मंडळींनी धणे लाटण्यानं रगडून त्याच्या दोन फाकी केल्या, रात्रभर भिजवले. तेव्हा कुठे दहाव्या दिवशी उगवले. उभा जन्म कापड विणायच्या मागावर काढलेल्या मला हे कुठून ठाऊक असणार?

आपली काळी माती कुंडीत नुसती भरली तर ओली असताना चिकट गोळा, वाळली की भेगा. शेणखत आणि थोडी वाळू मिसळल्यावर जमलं. पाणी मात्र रोज येत नाही, म्हणून तांदूळ धुतलेलं पाणी ती बादलीत साठवते. कुणी ओतलं की भांडण.

आपलं बागेचं सदर ती मला मोठ्यानं वाचून दाखवते. पण त्यातलं वेळापत्रक पुण्या-मुंबईच्या हवेचं. आमच्याकडे एप्रिलात पारा चाळिशी ओलांडतो, हिरवी जाळी नसेल तर पालक दुपारीच मान टाकतो. सदरात दरमहा एक ओळ सोलापूरसाठी द्याल का? अक्षर जरा मोठं असावं. जानेवारीत भरणाऱ्या आमच्या गड्ड्याच्या जत्रेपर्यंत टोमॅटो लाल होतील का, हे तिला आत्ताच हवं आहे.

— एक आजोबा, सोलापूर