गौरीच्या दिवशी मी गेटारियात होते

तुलूझ,
16 नोव्हेंबर 2025

ती. आई आणि ती. बाबा यांना शि. सा. नमस्कार, वि. वि.

दर रविवारी आपण फोनवर बोलतो, तरीही हे पत्र लिहायला बसले आहे, कारण जे सांगायचे आहे ते आईचा आवाज कानावर पडला की माझ्याच्याने सांगवत नाही. गणपतीला मला रजा मिळाली नाही, असे मी तुम्हांला सांगितले होते. ते खरे नव्हते. आठ दिवसांची रजा मंजूर झाली होती आणि ते आठ दिवस मी स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावर, बास्क लोकांच्या मुलखात, गेटारिया नावाच्या एका लहान गावात काढले. गौरीपूजनाच्या दिवशी आईने फोनवर विचारले होते, "मागे कावळ्यांसारखे काय ओरडते आहे?" आणि मी म्हटले होते की खिडकी उघडी आहे. ते समुद्रपक्षी होते, आई. मी बंदराच्या धक्क्यावर उभी होते, आणि तू मला गौरीला कोणती साडी नेसवली ते सांगत होतीस.

आठ दिवसांत हर्णैला येऊन परतायचे म्हणजे जवळजवळ चार दिवस प्रवासातच जातात, सणाच्या दिवसांत विमानाचे भाडेही दुपटीने वाढलेले असते, आणि उन्हाळाभर कामाचा ताण इतका होता की डॉक्टरांनीच विश्रांती घ्यायला सांगितले होते. ही सगळी कारणे खरी आहेत, पण यांतले एकही कारण मला अडवू शकले नसते हे तुम्हांला ठाऊक आहे. खरे कारण असे की गणपतीत आपले घर माणसांनी भरलेले असते आणि त्यांतल्या प्रत्येकाला माझ्याशी मायेनेच बोलायचे असते. गेल्या वर्षी माजघरात जे बोलणे झाले त्याबद्दल माझ्या मनात कुणाविषयीही राग नाही. आईने तेव्हा मला मुकाट्याने विळीवर बसवून नारळ खवायला दिला आणि बाबा ओटीवर येरझारा घालत राहिले, ते का, हे मला त्याच क्षणी समजले होते. पण माळ्यावरची ती दोन खोकी अजून तशीच बांधलेली आहेत, आणि यंदा पुन्हा सगळ्यांसमोर हसत आरतीचे ताट धरून उभे राहण्याचे बळ माझ्यात नव्हते. तुमच्यापासून दूर राहायचे माझ्या मनात कधीही नव्हते, एवढे मात्र अगदी निश्चित समजा.

गेटारियाच का, असे बाबा विचारतील. तुलूझहून रेल्वेने ऑंदाय या फ्रान्सच्या टोकाच्या स्थानकापर्यंत जाता येते, तिथून बास्क रेल्वेची छोटी गाडी सान सेबास्तियानला नेते आणि पुढे बसने गेटारिया येते. वाटेत सीमा ओलांडली जाते, पण कोणी गाडी थांबवून कागद तपासले नाहीत. मी समुद्र हवा म्हणून निघाले होते, आणि बसमधून उतरताच समोर जे दिसले ते पाहून तशीच रस्त्याकडेला उभी राहिले. गावाच्या पुढे, पाण्यात शिरलेली सान आन्तोन नावाची हिरवीगार टेकडी आहे. ती पूर्वी बेट होती आणि नंतर बांध घालून गावाला जोडली. दुरून ती पाण्यात दबा धरून बसलेल्या उंदरासारखी दिसते, म्हणून लोक तिला 'उंदीर'च म्हणतात. मला मात्र तिथे आपल्या धक्क्यावरून दिसणारा सुवर्णदुर्ग दिसला. सकाळी त्या बाजूने डिझेलचा आणि मासळीचा वास आला तेव्हा तर बाबांचे बोट धरून लिलाव बघायला गेल्यासारखे वाटले. फक्त इथे टोपल्यांऐवजी खोकी होती आणि आरडाओरडा फारच कमी होता.

हे गाव तीन हजार वस्तीच्या आतले आहे, पण 1209 सालापासून त्याला राजाची सनद आहे. गावाच्या चिन्हावर भाला लागलेला देवमासा आहे, कारण इथले लोक पूर्वी देवमाशाची शिकार करत. 1878 मध्ये या किनाऱ्यालगत मारलेल्या एका देवमाशाचा सांगाडा आजही सान सेबास्तियानच्या मत्स्यालयात टांगलेला आहे. आता वसंतात 'आंचोवा' ही बोटभर मासळी येते आणि उन्हाळ्यात 'बोनितो', जो गळाने एकेक करून धरतात. धक्क्यावर जाळी विणणाऱ्या आणि सांधणाऱ्या बायका बसतात, त्यांना तिथे 'सारेगिले' म्हणतात. पायाच्या अंगठ्यात जाळे ताणून धरून त्या ज्या वेगाने सुई फिरवतात ते बघताना मी तासभर हललेच नाही. आपल्याकडे बाजार बायका चालवतात आणि जाळी पुरुष विणतात, तिथे मात्र जाळी बायका विणतात, हे मी त्यांतल्या एका आजींना हातवाऱ्यांनी सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी मला फक्त एवढेच विचारले, "आमा?" बास्क भाषेत आईला 'आमा' म्हणतात. तुझी आई आहे ना, असे त्यांना विचारायचे होते.

बाबा, आता तुमच्यासाठी. सातवीच्या वर्गात तुम्ही बजावायचात की मॅगेलनने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली असे लिहाल तर अर्धा गुण कापीन. तो 1521 मध्ये फिलिपाइन्समध्ये मारला गेला, पूर्ण कोणी केली ते लिहा. ते नाव पाठ करताना मी रडले होते आणि तुम्ही मला खांद्यावर बसवून अंगणात फिरवत 'एल्कानो, एल्कानो' असे म्हणायला लावले होते. तो हुआन सेबास्तियान एल्कानो या गेटारियाचा. 1519 मध्ये पाच जहाजे निघाली होती. त्यांतले 'व्हिक्टोरिया' हे एकच, 18 माणसे घेऊन, प्रदक्षिणा पूर्ण करून 6 सप्टेंबर 1522 रोजी स्पेनला परत पोहोचले. मी गेटारिया सोडले तो दिवसही 6 सप्टेंबर होता, आणि यंदा त्याच दिवशी अनंत चतुर्दशी होती. सकाळी दादाने पुण्याच्या मिरवणुकीचे चित्रण पाठवले, ते मी एल्कानोच्या पुतळ्याखाली उभी राहून पाहिले.

स्पेनच्या बादशहाने, पाचव्या चार्ल्सने, एल्कानोला मानचिन्ह दिले आणि त्यावर 'मला प्रदक्षिणा घालणारा पहिला तू' अशा अर्थाचे लॅटिन वाक्य कोरवले. वर्षाला 500 डुकाट (सोन्याची नाणी) निवृत्तिवेतनही जाहीर केले. मानचिन्ह मिळाले, निवृत्तिवेतन मिळाले नाही. 1526 मध्ये तो दुसऱ्या सफरीवर पॅसिफिक महासागरातच वारला, आणि त्याची आई, कातालिना देल पुएर्तो, मुलाच्या थकलेल्या पैशांसाठी सरकारदरबारी दाद मागत राहिली. पाठ्यपुस्तकात तिचे नाव नाही, पण त्या गावात असताना मला एल्कानोपेक्षा तिचीच आठवण जास्त येत असे. सान साल्वादोर चर्चमध्ये त्याच्या स्मृतीची शिळा आहे. त्या चर्चची जमीन सपाट नाही, ती वेदीकडे चढत जाते. आणि चर्चच्या पोटाखालून बंदराकडे उतरणारी बोळ जाते. त्या बोळातून चालताना हात आपोआप भिंतीवर जातो.

आणि आई, तुझ्यासाठी जे पाहिले ते मी शेवटी ठेवले आहे. क्रिस्तोबाल बालेन्सियागा नावाचा एक शिवणारा याच गावात 1895 मध्ये जन्मला. त्याचे वडील दर्यावर्दी होते, ते तो लहान असतानाच गेले, आणि आईने शिवणकाम करून घर चालवले. तिच्या पायाशी बसून तो शिकला, आणि पुढे पॅरिसमध्ये त्याचे दुकान इतके मोठे झाले की राण्या त्याच्याकडून कपडे शिवून घेत. त्याच्या नावाचे संग्रहालय 2011 मध्ये गावातल्या एका जुन्या वाड्याला लागून उभे राहिले. मी तिथे सकाळी गेले आणि बंद होईपर्यंत थांबले. तो बाहीसाठी प्रसिद्ध होता. मनासारखी बसली नाही तर तयार झालेल्या कपड्याची बाही उसवून पुन्हा लावत असे. काचेपलीकडच्या त्या काळ्या झग्याच्या काखेत एकसुद्धा झोळ नाही, हे पाहताना मला आपल्या ओटीवरचे मशीन, तुझ्या तोंडात धरलेल्या टाचण्या आणि "हात वर कर, आता खाली कर" हे तुझे शब्द स्पष्ट ऐकू आले. इनामदारांच्या मुलीच्या लग्नातले अकरा ब्लाउज तू रात्रीत उसवून पुन्हा शिवले होतेस, तेव्हा सगळ्यांनी तुला वेडी ठरवले होते. तू वेडी नव्हतीस. हे तुला फोनवर सांगावेसे वाटत होते आणि सांगता येत नव्हते, त्या संध्याकाळी मी बाकावर बसून पुष्कळ रडले.

म्हणून मी एक गोष्ट ठरवली आहे, आणि ठरवून झाल्यावरच तुम्हांला कळवत आहे, कारण आधी विचारले असते तर तुम्ही दोघांनीही माझ्या पैशांची काळजी करून नाही म्हटले असते. पुढच्या वर्षी 14 सप्टेंबरला गणपती आहेत. मी 10 तारखेला हर्णैला येते. कोणी काही विचारले तर मी उत्तर देईन, आणि आई, तू माझ्यासाठी कुणालाही गप्प करू नकोस. त्यानंतर 3 ऑक्टोबरला तुम्ही दोघांनी माझ्याबरोबर इकडे यायचे आहे. तिकिटे काढली आहेत. परतीची तारीख 24 ऑक्टोबर आहे, म्हणजे दिवाळीआधी तुम्ही घरी असाल. पितृपक्षात प्रवास नको, असे आई म्हणेल. पण आजोबांची तिथी पंचमीची, ती घरी यथासांग करूनच आपण निघतो, आणि घट त्या वर्षी दादाकडे बसतील, त्याच्याशी बोलणे झाले आहे. तीन आठवड्यांपैकी दहा दिवस गेटारियात राहायचे आहे.

राहण्याची जागा मी स्वतः पाहून, विसार देऊन ठेवली आहे. ती तळमजल्यावर आहे, कमोड आहे, गरम पाणी चोवीस तास आहे, आणि स्वयंपाकघर वेगळे आहे, त्यामुळे आईला कोणाच्या भांड्यात शिजवावे लागणार नाही. तांदूळ, डाळ आणि गोडा मसाला मी तुलूझहून नेईन. तिथे गेर्निकाच्या लहान हिरव्या मिरच्या मिळतात, त्या नुसत्या तेलात परतून मीठ भुरभुरले की भाकरीबरोबर उत्तम लागतात. तोलोसाचा काळा घेवडा आपण घरीच शिजवू, कारण खाणावळीत त्यात मांसाचा तुकडा घालण्याची पद्धत आहे. इदियासाबालचे मेंढीच्या दुधाचे चीज मात्र आईने खायचे नाही, त्याचे दूध सहसा प्राणिज विरजणाने जमवतात आणि तुझ्या गळ्यात माळ आहे. बाबांसाठी रस्त्यावरच निखाऱ्यांवर मासे भाजतात, मीठ बेताचे घालायला मी सांगेन. डोंगरउतारावर द्राक्षांचे मांडव आहेत आणि त्या दिवसांत तोडणी संपत आलेली असते. त्या द्राक्षांची 'चाकोली' नावाची वाइन उंचावरून पेल्यात ओततात, ती बाबांनी फक्त ओतताना पाहायची.

गुडघ्यांची काळजी करू नका. रस्ता चढाचा आहे, पण संग्रहालयाकडे जायला उघड्यावर सरकते जिने आहेत, आणि शेजारच्या सारौत्स गावापर्यंत समुद्राकाठाने चार किलोमीटरची फरसबंदी वाट आहे, कठड्यासह, जवळजवळ सपाट. जमेल तेवढे चालायचे आणि परत फिरायचे. तिथे जो बारीक पाऊस पडतो त्याला 'सिरीमिरी' म्हणतात. तो आपल्या झिमझिमीसारखाच कळेनासा भिजवतो, म्हणून बाबांनी कानटोपी घालायची, हट्ट करायचा नाही.

आता नीट ऐका. आईच्या पासपोर्टची मुदत संपत आली आहे, तो याच महिन्यात नूतनीकरणाला द्या, आणि त्यावरचे नाव आधारवरच्या नावाशी अक्षरशः जुळते की नाही ते बाबांनी स्वतः तपासावे. मे महिन्यात व्हिसासाठी मुंबईला बोटांचे ठसे द्यायला जावे लागेल, दादा बरोबर येईल. तुम्हांला माझ्या घरी ठेवण्याचा इथल्या नगरपालिकेचा दाखला मी काढून पाठवते. प्रवास-विमा मीच काढते आहे, म्हणून बाबांच्या अँजिओप्लास्टीचे कागद, तारखांसह, काही न लपवता मला पाठवा. जानेवारीत दोघांच्याही रक्ताच्या तपासण्या करून घ्या. आई, साखर वाढली आहे हे तू मला सांगत नाहीस, पण मला दादाकडून कळते. विमानतळावर दोघांसाठी चाकाची खुर्ची मागितली आहे आणि त्यात लाजण्यासारखे काहीही नाही. रांगेत दोन तास उभे राहिलेले मला चालणार नाही. औषधे पाकिटासकट, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत ठेवायची, मोठ्या बॅगेत नाही. लोणच्याची बरणी आणू नका. आणलीच तर तीन पिशव्यांत बांधा.

गौरीच्या दिवशी मी खोटे बोलले, त्याची क्षमा मागते. आई, तू त्या दिवशी साडीचा रंग सांगितलास तो मला वाऱ्यात नीट ऐकू आला नव्हता आणि पुन्हा विचारायचा धीर झाला नाही. तेवढे मला रविवारी सांग. आणि तुझी मापाची टेप आताच पर्समध्ये टाकून ठेव.

तुमची,
चिमी