तो नारळ नव्हे, बाबा

गुआम, रविवार

ती. बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोटो बघून तुम्ही विचारलंत, "नारळ का वाळलाय गं?" तो नारळ नव्हे, फादांग. आपल्या फाटकाशी सायकस आहे ना, त्याचाच भाऊबंद. हा मात्र इथल्या जंगलातला. २००२ साली बेटावरच्या झाडांची पाहणी झाली तेव्हा मोठ्या झाडांत सगळ्यात जास्त हाच निघाला होता. आज चुनखडीच्या खडकांतून चालत गेले, तर कितीतरी ठिकाणी नुसते बोडके बुंधे.

घात केला तो शोभेच्या सायकसने. तुमोनच्या हॉटेलांच्या भागात बाहेरून आणलेली झाडं लावली होती, तिथेच २००३ मध्ये खवले कीड सापडली. मूळची थायलंडकडची. मग ती जंगलात शिरली. मी एक पान उलटून पाहिलं, चुना फासल्यासारखं पांढरं. नखाने खरवडलं तर खाली नारिंगी ठिपके. नंतर तिला खाणारे ढालकिडे आणून सोडले, त्यांनी काही मोठी झाडं सावरली. पण ते जमिनीलगत फारसे उतरत नाहीत, त्यामुळे रोपं मरतात. म्हातारी उभी आणि मागे पोर नाही, असं झालंय.

शेजारच्या आजी म्हणतात, वादळात मोडलं तरी हे झाड पुन्हा फुटायचं. याची बी विषारी. काप करून, पाणी बदलत बदलत दिवसेंदिवस भिजवून त्याचं पीठ करायचे. युद्धात बेट जपान्यांच्या ताब्यात होतं तेव्हा कित्येकांनी त्याच पिठावर दिवस काढले. इथे पूर्वी हातपाय लुळे पडण्याचा एक आजार फार होता, त्याचाही संशय काहीजण या बियांवरच घेतात, पण तो वाद अजून मिटलेला नाही. आजी या विषयावर गप्प बसतात. मीही जास्त विचारलं नाही.

बरं, मुद्द्याचं. तुम्ही मागेल त्याला सायकसची पिल्लं काढून देता. देण्याआधी पानं उलटून बघत जा, बुंधाही बघा. ही कीड मुळांवरसुद्धा असते. पांढरं दिसलं तर देऊ नका, जोशीकाकूंनी कितीही गळ घातली तरी!

आणि फोन दुपारी करा हो. तुमच्या रात्री नऊला इथे दीड वाजलेला असतो.

आईला नमस्कार.

तुमची,
मनू