सईला गणित सोडू देऊ नका

फ्रीमॉन्ट, कॅलिफोर्निया
१ जून

ती. आबांना शिरसाष्टांग नमस्कार. ती. दादा आणि सौ. वहिनी यांना सा. न. वि. वि.

पत्राचा फोटो आजच व्हॉट्सॲपवर पाठवते आहे, कारण अकरावीचा ऑनलाइन फॉर्म पोस्टासाठी थांबणार नाही. मूळ कागद मागून येईल. आबांना हातात धरून वाचायला कागदच लागतो.

दादा, परवा फोनवर तू सहज म्हणालास, "सई गणित सोडते आहे, बायोलॉजी घेऊन सायन्स करील, नाहीतर कॉमर्सला जाईल आणि तिथे गणिताऐवजी एस.पी. (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस) घेईल." मी तेव्हा काही बोलले नाही. रात्रभर मात्र तेच डोक्यात होतं. दहावीला गणितात ७१ पडले म्हणून एवढा मोठा निर्णय? भाग एक आणि भाग दोन, ४०-४० मार्कांचे दोन पेपर, दोन-दोन तासांचे. त्यात पोरगी घाबरली आणि बीजगणिताच्या पेपरात शेवटचा प्रश्न राहिला. त्या दोन तासांवरून तिला गणित येत नाही असं कुणी ठरवलं? क्लासच्या सरांनी म्हटलं म्हणून?

डिसेंबरातली एक संध्याकाळ तुला आठवत नसेल, कारण तू बागेत होतास. आम्ही खाडीच्या तोंडाशी बसलो होतो, आबा, सई, माझी ईरा आणि मी. पूल नव्हता तेव्हा अंजर्ल्याहून हर्णैच्या बाजूला होडीने जायचं, म्हणून भरतीची वेळ तोंडपाठ असावी लागे, हे आबा ईराला सांगत होते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनला भरती. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. पौर्णिमा झाली की वद्य प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजायचं. ईराने वहीत आडव्या रेघेवर तिथ्या आणि उभ्या रेघेवर तास मांडून ठिपके जोडले. सरळ रेघ आली, ती खूश झाली.

सई मात्र वहीकडे बघत गप्प होती. मग म्हणाली, "आत्या, पौर्णिमेला सव्वाअकरा येतात आणि दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला पाऊण. पाऊण म्हणजे पावणेएक वाजता. समुद्र एका दिवसात दीड तास उडी कशी मारील?" तिने वाळूत काडीने हिशेब मांडला. पंधरा तिथींत भरती बारा तास सरकून पुन्हा पहिल्या जागी यायला हवी, म्हणजे एका तिथीला ४८ मिनिटं. पाऊण तास म्हणजे ४५. रोज तीन मिनिटं कमी पडतात, पंधरा तिथींत ४५ मिनिटं साचतात, आणि ती सगळी प्रतिपदेला एकदम वसूल होतात. "म्हणजे पाऊणपट नको, चार पंचमांश पाहिजे," ती म्हणाली.

आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बरोबर आहे गो. पण चार पंचमांशाचा पाढा आम्हाला नव्हता, पाऊणकी होती." आणि मग त्यांनीच पुढची गोष्ट सांगितली, की उधाणाच्या दिवसांत भरती रोज कमी सरकते आणि भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपास पाणी कमी चढतं तेव्हा, रेंगाळते, जास्त सरकते. म्हणजे सईचे ४८ सुद्धा सरासरीच, आणि खरी रेघ सरळ नाही, वळणाची आहे. सईने लगेच विचारलं, "मग ती वळणाची रेघ कशी काढायची?"

दादा, त्या प्रश्नाचं उत्तर अकरावीच्या पुस्तकात सुरू होतं. त्रिकोणमितीय फलांचे आलेख, पाणी चढतं-उतरतं त्याची साइनची लाट, ते सगळं तिथे आहे. दहावीत ती दारापर्यंत येऊन पोचली आहे, आणि आपण तिला म्हणतो आहोत, झालं, आता मागे फिर.

इथली पद्धत सांगते, म्हणजे फरक कळेल. इथे नववी ते बारावी हे हायस्कूल. बीजगणित एक वर्ष, भूमिती एक वर्ष, पुन्हा बीजगणित, मग प्रीकॅल्क्युलस, मग कॅल्क्युलस, अशी शिडी आहे. ईरा नववीत आहे, तिने यंदा वर्षभर नुसती भूमिती केली. आपल्याकडे आठवड्यातून काही तास बीजगणित आणि काही तास भूमिती, दोन्ही बरोबर चालतात. मला आपलंच बरं वाटतं, कारण इथली मुलं एक वर्ष सोडून बीजगणिताकडे परततात तेव्हा बरंच विसरलेली असतात. शिवाय इथे पालकांची घाई भयंकर. मूल आठवीतच बीजगणित संपवतं की नाही यावर घराघरांत चर्चा, कारण मग बारावीपर्यंत कॅल्क्युलस होतो आणि ए.पी.ची, म्हणजे कॉलेजच्या पातळीची, परीक्षा देता येते. जवळच सॅन फ्रान्सिस्कोत २०१४ साली सरकारी शाळांनी आठवीचं बीजगणित काढून टाकलं, सगळी मुलं बरोबरीने चालावीत म्हणून. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी बाहेर शिकवण्या लावल्या. २०२४ मध्ये ते परत आणायचं ठरलं. ही घाई मला पटत नाही, सईला ती लावायचीही नाही.

पण एक गोष्ट इथली मला फार मोलाची वाटते. शिडीवरून कुणी उतरलं तरी परत चढता येतं. हे मी माझ्या अनुभवावरून सांगते. मी अकरावीत गणित सोडलं, तुला माहीत आहे. "मुलीला बायोलॉजी बरी," असं घरी येऊन एका शिक्षकांनी सांगितलं आणि कुणी मला विचारलंही नाही. पुढे मायक्रोबायोलॉजी झाली, नोकरी झाली, आणि इथे आल्यावर बायोस्टॅटिस्टिक्स शिकायचं मनात आलं तर पहिल्याच पानावर इंटिग्रेशन. तेहतिसाव्या वर्षी, ईराला झोपवून, मी संध्याकाळी कम्युनिटी कॉलेजात अठरा वर्षांच्या मुलांच्या शेजारी बसून आधी प्रीकॅल्क्युलस आणि मग कॅल्क्युलस केला. दोन वर्षं गेली. जमलं, कारण ते दार इथे वयाकडे बघत नाही. दापोलीत किंवा रत्नागिरीत तेहतीस वर्षांच्या बाईसाठी असं दार मला दिसत नाही. तिथे अकरावीला जे हातातून सुटतं, ते बहुतेकांचं कायमचं सुटतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, की तिने बायोलॉजी जरूर घ्यावी, पण गणितही ठेवावं. दोन्ही घेता येतात. अभ्यास जास्त पडेल हे खरं. पण मग बारावीनंतर दापोलीचं कृषी विद्यापीठ, फार्मसी, इंजिनिअरिंग, पुण्याची आयसर ही विज्ञानसंस्था, कुठलंही नाव तिने घेतलं तरी "तुझं गणित नव्हतं" असं ऐकायला लागणार नाही. कॉमर्सला गेली तरी तिथे गणित आणि संख्याशास्त्राचा पेपर आहे, तो घ्यायला सांग. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत संख्याशास्त्राची पदवी आहे, तिथे बारावीला गणित लागतंच.

सीईटीची भीती तिला आत्तापासून घालू नका. त्यात गणिताचे ५० प्रश्न, दोन-दोन मार्कांचे, चुकलेल्याला मार्क कापत नाहीत, आणि बहुतेक भाग बारावीचा असतो. ते नंतरचं नंतर. त्यापेक्षा तिला एक वेगळी परीक्षा दाखवा, आय.ओ.क्यू.एम. गणित ऑलिंपियाडची ती पहिली पायरी. तीन तास, ३० प्रश्न, आणि प्रत्येकाचं उत्तर ० ते ९९ मधली एक पूर्ण संख्या. त्याला कॅल्क्युलस लागत नाही, संख्या, भूमिती, बीजगणित आणि मोजणीचे प्रश्न असतात. तिने पुढच्या फेरीत जावं असा माझा आग्रह अजिबात नाही. जुन्या प्रश्नपत्रिका काढून आठवड्याला दोन प्रश्न सोडवावेत. खाडीच्या वाळूत तिने जे केलं, ते याच जातीचं गणित आहे. बालभारतीची अकरावीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, ती आत्ताच उतरवून घे, म्हणजे जूनच्या पावसात पडवीत बसून चाळता येतील.

आबा, तुम्ही मुर्डीच्या रघुनाथराव परांजप्यांची गोष्ट दादाला किती वेळा सांगितलीत. आपल्या शेजारच्या गावचा मुलगा १८९९ साली केंब्रिजात गणिताच्या परीक्षेत पहिला येऊन सीनिअर रँग्लर झाला, आणि मुरूडचे धोंडो केशव कर्वे, ज्यांना जग स्त्रीशिक्षणासाठी ओळखतं, ते फर्ग्युसनमध्ये गणितच शिकवत होते. मी ओटीवर बसून ऐकायचे, पण गोष्ट दादाला उद्देशून असायची. आता ती सईला सांगा. समोर बसवून सांगा.

वहिनी, तुमचं म्हणणं मला कळतं. दापोलीला रोज एस.टी.ने जाऊन-येऊन पोरगी दमेल, क्लास लावायचा तर खर्च, आणि या वर्षी आंब्याने हात दिला नाही. क्लासच्या फीचं मी बघते, त्यावर दादाने वाद घालू नये. पण पहिले तीन महिने क्लास लावू नका. तिला एकटीला अडू दे. रविवारी सकाळी तुमच्या आठ वाजता, म्हणजे माझ्या शनिवारी संध्याकाळी साडेसातला, मी फोन करीन आणि जिथे अडली तिथे दोघी बसू. मलाही ते गणित कष्टाने आलं आहे, त्यामुळे ती कुठे अडेल ते मला बरंच ठाऊक आहे.

सोबत ईराने आलेखाच्या कागदावर काढलेल्या दोन रेघा आहेत, लाल रेघ आबांच्या पाऊणकीची आणि निळी सईच्या ४८ मिनिटांची. ज्येष्ठी अमावास्येला आणि आषाढाच्या प्रतिपदेला भरती नेमकी किती वाजता भरली, ते सईने पुलाजवळ उभं राहून घड्याळात बघावं आणि कळवावं. पाऊस असेल तर छत्री घेऊन, आणि बरोबर दादाने जावं. ईरा तिसरी रेघ काढायला थांबली आहे.

आबांच्या गुडघ्याला तेल लावता ना? बाकी क्षेम.

तुमची,
मंजू